चार्ल्सटनला जाताय? आधी गॅड्सडेन्स व्हार्फवर जा

मृदगंध (शुक्रवार, रात्री)

नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला राहायला आल्यापासून लाँग वीकेंड जवळ आला की कुणी ना कुणी विचारतंच, "अगं, चार्ल्सटनला काय काय बघायचं?" दरवेळी व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा इथे सविस्तर लिहिते. ज्यांनी हे शहर पाहिलंय त्यांनी भर घाला, म्हणजे पुढच्यांना सगळं एका जागी मिळेल.

आधी थोडी ओळख. साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर ॲशली आणि कूपर या दोन नद्या समुद्राला मिळतात. त्यांच्या मधल्या निमुळत्या जमिनीवर जुनं शहर वसलंय. इंग्रजांनी १६७० मध्ये पहिली वस्ती केली ती ॲशलीच्या पलीकडच्या काठावर. दहा वर्षांनी ती आत्ताच्या जागी हलली. दुसऱ्या चार्ल्स राजावरून चार्ल्स टाउन, आणि स्वातंत्र्ययुद्ध संपल्यावर १७८३ पासून चार्ल्सटन. शार्लटहून गाडीने साडेतीन तास, अटलांटाहून पाचेक तास.

बहुतेकांचा कार्यक्रम ठरलेला असतो. रेनबो रोची रंगीत घरं, बॅटरीवर, म्हणजे बंदराकाठच्या कठड्यावर, फेरफटका, घोडागाडी, सिटी मार्केटमध्ये खरेदी आणि संध्याकाळी बीच. शहर देखणं आहे यात वादच नाही. जुन्या वस्तीच्या जतनासाठी १९३१ मध्येच नियम करणारं हे अमेरिकेतलं पहिलं शहर, आणि त्याचं फळ गल्लोगल्ली दिसतं. पण सुरुवात तिथून करू नये असं माझं ठाम मत आहे. पहिल्या सकाळी गॅड्सडेन्स व्हार्फ हा बंदरातला जुना धक्का गाठा.

उत्तर अमेरिकेत गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांपैकी सुमारे ४० टक्के माणसं चार्ल्सटनच्या बंदरातून आत आली असं मानतात. १ जानेवारी १८०८ पासून गुलामांच्या आयातीवर बंदी आली. त्याआधीच्या शेवटच्या काळात जहाजं लागायची ती या धक्क्याला. तिथे जून २०२३ मध्ये इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम सुरू झालं. इमारत खांबांवर तेरा फूट उचललेली आहे, कारण खालची जमीन मोकळी ठेवायची होती. त्या मोकळ्या जागेत पाण्याचा एक उथळ पट्टा आहे. त्याच्या तळाशी माणसांच्या पूर्ण उंचीच्या आकृती कोरल्यात, खांद्याला खांदा लावून आडव्या निजवलेल्या, जहाजाच्या तळघरात निजवत तशा. पाणी त्यांच्यावरून सरकतं, ओसरतं, पुन्हा येतं. तिकीट न काढताही ही जागा बघता येते. मी तिथे उभी असताना माझ्या शेजारच्या आजीबाई वाकून एका आकृतीच्या बोटांवरून हात फिरवत होत्या.

हे आधी का? कारण तिथून शहरात परतलात की तीच घरं निराळी दिसायला लागतात. चार्ल्सटनचं 'सिंगल हाऊस' बघा. रुंदीला एकच खोली, घराची अरुंद बाजू रस्त्याकडे आणि कडेने लांबलचक व्हरांडा. त्याला इथे पियाझा म्हणतात. दक्षिण किंवा पश्चिमेचा वारा घरात यावा म्हणून ही रचना. रस्त्यावरचं दार उघडलं की आपण घरात शिरत नाही, पियाझावर पाऊल ठेवतो. पुढून दिसतं ते एवढंच. मागच्या आवारात स्वयंपाकघर, धुणं धुवायची जागा, तबेला आणि त्यांच्या माडीवर गुलामांच्या खोल्या. एलिझाबेथ स्ट्रीटवरच्या एकेन-रेट हाऊसमध्ये हे आवार जवळजवळ जसंच्या तसं राखलंय. रंगरंगोटी करून नवं केलेलं नाही. मुख्य घरातला भिंतींवरचा कागद सोलून लोंबतोय, तोही तसाच ठेवलाय. एकच जुनं घर बघायला वेळ असेल तर हे बघा.

आणि विटा बघा. शहरातल्या जुन्या विटांवर कुठे कुठे बोटांचे ठसे दिसतात. ओली वीट साच्यातून काढताना, वाळत घालताना उमटलेले. काही इतके बारीक की ते लहान मुलांचेच. कुणी दाखवून दिलं नाही तर नजर सरळ पुढे जाते. एकदा दिसले की मग प्रत्येक भिंतीवर आपण तेच शोधत राहतो.

सध्या इतकंच. जेवणखाण, गुलामांच्या कष्टावर चाललेले जुने मळे (प्लँटेशन), बंदरातला फोर्ट सम्टर किल्ला यांवर बाकीच्यांनी लिहावं.

जुनाडोह (शुक्रवार, रात्री)

पहिल्यांदा अनुमोदन देतो. त्यात भर म्हणून मळ्यांबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

ॲशली रिव्हर रोडवर ड्रेटन हॉल, मॅग्नोलिया आणि मिडलटन प्लेस असे तीन मळे ओळीने आहेत. पलीकडे माउंट प्लेझंटला बून हॉल. मिडलटनची बाग १७४१ पासूनची, तिची आखणी अप्रतिम आहे. मॅग्नोलियाला मार्चअखेर अझेलिया फुलतात तेव्हा रंगांची नुसती उधळण असते. बून हॉलला ओक वृक्षांची प्रसिद्ध वाट आहे आणि तिच्या कडेने गुलामांच्या विटांच्या खोल्यांची रांग. ड्रेटन हॉल मुद्दाम रिकामं ठेवलंय, आत फर्निचरच नाही. वास्तुकलेत रस असेल त्यांनी ते चुकवू नये.

पण एकच मळा बघणार असाल तर जेम्स आयलंडवरचा मॅक्लाउड. शहरातून पंधरा मिनिटं. काउंटीच्या उद्यान विभागाकडे आहे. तिथली गाइडेड टूर मालकाच्या घराभोवती फिरत नाही. ती सुरू होते शेतातल्या कामापासून, सी आयलंड जातीच्या लांब धाग्याच्या कापसापासून, आणि पुढे जाते त्या लाकडी खोल्यांपर्यंत. त्या खोल्यांत विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत माणसं भाड्याने राहत होती. म्हणजे १८६५ ला गुलामगिरी संपली तरी ही गोष्ट तिथे संपली नाही, हे तिथे समोर दिसतं. यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्यांसाठी नेमलेल्या फ्रीडमेन्स ब्युरोचं कामही या घरातून चालायचं. मला तिथल्या गाइडनी प्रश्न विचारायला लावले, उत्तरं द्यायची घाई केली नाही.

झाडांवरून लोंबणाऱ्या राखाडी जटा बघून सगळे विचारतात म्हणून सांगतो. स्पॅनिश मॉस नाव असलं तरी ते शेवाळ नाही. बांडगूळही नाही. अननसाच्या कुळातली वनस्पती आहे, हवेतला ओलावा आणि पावसाचं पाणी यांवर जगते. झाडाचा फक्त आधार घेते.

तळ्यातमळ्यात (शनिवार, सकाळी)

मृदगंधताई, लेख आवडला, पण मनात आलं ते स्पष्ट लिहितो. माझे आईबाबा साताऱ्याहून येत्या एप्रिलमध्ये येतायत. दोघंही सत्तरीच्या पुढचे. सोबत आमची आठ वर्षांची मुलगी. आईचे गुडघे दुखतात. आयुष्यात पहिल्यांदा परदेशी येतायत, त्यांना चार सुंदर गोष्टी दाखवाव्यात असं मला वाटतं. पहिल्याच सकाळी त्यांना गुलामांच्या धक्क्यावर नेलं तर सगळ्या सहलीवर मळभ येणार नाही का? आणि मुलीला हे कसं सांगायचं? मी इतिहास टाळा म्हणत नाही, पण प्रत्येक सहल अभ्याससहल असावी का?

मृदगंध (शनिवार, सकाळी)

तळ्यातमळ्यात, प्रश्न रास्त आहे.

म्युझियममध्ये नुसतं दुःख नाही. मुलीला रॉबर्ट स्मॉल्सची गोष्ट सांगा, ती डोळे विस्फारून ऐकेल. तेवीस वर्षांचा गुलाम तरुण, 'प्लँटर' नावाच्या बोटीवर सुकाणू धरायचा. बोट यादवी युद्धात गुलामगिरी टिकवायला लढणाऱ्या दक्षिणेच्या सैन्याची. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपायला गेलेले. या पठ्ठ्याने कॅप्टनची गवती टोपी डोक्यावर चढवली, बोट सुरू केली, दुसऱ्या धक्क्यावरून बायकामुलांना घेतलं आणि वाटेतल्या प्रत्येक किल्ल्यासमोर ठरलेली शिट्टी वाजवत फोर्ट सम्टरच्या तोफांखालून बोट बाहेर काढली. पलीकडे उत्तरेच्या आरमारासमोर पांढरी चादर फडकवली. पुढे तो अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून गेला, आणि ज्या घरात गुलाम होता ते ब्यूफोर्टमधलं घर त्याने विकत घेतलं. बॅटरीच्या कठड्याशी उभं राहून समोर ते बंदर दाखवत ही गोष्ट सांगता येते. आठ वर्षांच्या मुलीला यापेक्षा चांगला इतिहास कुठला?

आईबाबांबद्दल म्हणाल तर, आपण ज्येष्ठांना फार नाजूक समजतो. माझे सासरे इथे आले होते तेव्हा वंशावळीच्या दालनात सगळ्यात जास्त वेळ तेच रमले. मोडक्या नोंदींमधून लोक आपल्या पणजोबांचं नाव शोधतायत हे बघून ते म्हणाले, "आपल्याकडे भट-बडव्यांच्या चोपड्यांत सात पिढ्या मिळतात, या लोकांची नावंच काढून घेतली होती." संध्याकाळभर त्याच विषयावर बोलत होते. मळभ नव्हतं ते.

आईंच्या गुडघ्यांसाठी व्हिजिटर सेंटरच्या गॅरेजमध्ये गाडी लावा. तिथून डॅश नावाच्या फुकट बस जुन्या शहरात फिरतात. चाल्मर्स स्ट्रीट मात्र टाळा. गोटे बसवलेला रस्ता आहे, चांगल्या चालणाऱ्याचाही पाय मुरगळेल. ओल्ड स्लेव्ह मार्ट म्युझियम त्याच गल्लीत आहे, छोटंसंच. १८५६ मध्ये शहराने उघड्या रस्त्यावरच्या लिलावांवर बंदी घातली तेव्हा माणसांचा बाजार अशा बंद आवारांत सरकला. ते बघायचं असेल तर आईंना म्युझियमच्या दाराशी उतरवून तुम्ही गाडी लावायला जा.

कापूसकोंड्या (शनिवार, दुपारी)

या धाग्यावर मुंबईचा विषय निघायलाच हवा.

१२ एप्रिल १८६१ ला पहाटे साडेचारच्या सुमारास चार्ल्सटनच्या किनाऱ्यावरून फोर्ट सम्टरवर पहिला गोळा सुटला आणि अमेरिकेची यादवी सुरू झाली. चौतीस तासांच्या माऱ्यानंतर किल्ला पडला. आठवड्याभरात लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. लँकेशरच्या गिरण्या तोवर बहुतांशी याच दक्षिणेच्या कापसावर चालत. तो थांबल्यावर इंग्लंडची नजर वळली खानदेश, वऱ्हाड आणि गुजरातेकडे. मुंबईत पैसा नुसता वाहत होता. शेअर कंपन्यांचं पेव फुटलं, बॅक बे बुजवायची कंपनी निघाली. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि त्या कंपन्याही गडगडल्या. प्रेमचंद रायचंद हे त्या काळातलं सर्वांत मोठं नाव. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांनीच दिलेल्या देणगीतून उभा राहिला आणि त्याला त्यांच्या आईचं नाव दिलं गेलं. चर्चगेटहून ओव्हल मैदान ओलांडणाऱ्या प्रत्येकाने तो पाहिलाय.

शेतकऱ्याच्या वाट्याला कर्ज आलं. तेजीत सावकार हात सैल सोडून देत होता, मंदीत तोच वसुलीला उभा राहिला. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्या दख्खनच्या दंग्यांमागच्या अनेक कारणांत हेही एक होतं.

दुसरी गोष्ट बहुतेकांनी शाळेत ऐकलेली आहे, पण तिथे उभं राहून आठवली तर तिचं वजन कळतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या त्या सज्जनांना अर्पण केलं, ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी स्वार्थ सोडून झीज सोसली. पुण्यात बसलेल्या माणसाला तेव्हा या लढ्याची एवढी खबर होती आणि त्यातून आपल्या शूद्रातिशूद्र बांधवांसाठी काय घ्यायचं हेही त्याला नेमकं ठाऊक होतं. मराठी माणसाने चार्ल्सटनला पाहुण्यासारखं बिचकत जायचं कारण नाही.

फोर्ट सम्टरला जायला फेरी लागते, लिबर्टी स्क्वेअरवरून आणि पलीकडच्या पॅट्रियट्स पॉइंटवरून सुटते. सगळं मिळून सव्वादोन तासांच्या आसपास जातात. तिकीट आधी काढा. पॅट्रियट्स पॉइंटला यॉर्कटाउन ही विमानवाहू नौका आहे, मुलं तिथून हलत नाहीत.

खाजणकाठ (शनिवार, संध्याकाळी)

गोव्यातल्या दिवाडी बेटावरची आहे, आता साउथ कॅरोलायनातल्या कोलंबिया शहरात. माझ्यासाठी चार्ल्सटन म्हणजे भात.

कापसाच्या आधी या किनाऱ्याला श्रीमंत केलं ते भाताने. कॅरोलायना गोल्ड ही जात, पिकल्यावर तूस सोनेरी दिसतं म्हणून ते नाव. मिडलटन प्लेसला जुन्या भातशेताचा तुकडा बघायला मिळतो. मी बांधावर उभी राहिले आणि मला वाटलं मी घरच्या खाजणात, खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, उभी आहे. नदीला भरती आली की खालून खारं पाणी येतं आणि वरच्या अंगाला त्यावर गोडं पाणी फुगतं. नेमक्या घटकेला दार उघडून ते गोडं पाणी शेतात घ्यायचं, ओहोटीला सोडायचं. त्या दाराला इथे 'ट्रंक' म्हणतात. आमच्याकडे मानस. पाण्याच्या दाबानेच झडप उघडते आणि मिटते, तीच हुशारी दोन्हीकडे.

ही विद्या पश्चिम आफ्रिकेच्या भात पिकवणाऱ्या किनाऱ्यावरून आलेल्या लोकांच्या हातात होती. मळेवाले इंग्रज भात पिकवणाऱ्या मुलखातले नव्हते. त्या भागातल्या माणसांना जास्त भाव दिला जायचा, तो त्यांच्या या जाणतेपणासाठी. माझ्या आजोबांनी बांधाचं काम केलंय. चिखलात मांडीपर्यंत उतरून, फुटलेला बांध रात्रीत भरून काढायचा. आमच्याकडे ते काम गांवकारी (गावाची संस्था) आणि बोस (शेतकऱ्यांची मंडळी) मिळून करायचे, पीक घरी यायचं. इथे मात्र सापांच्या, हिवतापाच्या दलदलीत मैलोगणती बांध घालायचे आणि दाणाही आपला नाही, हे मला तिथे उभं राहून सहन झालं नाही. पण बघितलं याचं समाधान आहे.

त्या आफ्रिकी लोकांचे वंशज म्हणजे गला गीची. त्यांची स्वतःची भाषा आहे, स्वतःचं जेवण आहे. सिटी मार्केटमध्ये आणि माउंट प्लेझंटला हायवे १७ च्या कडेला बसलेल्या बायका स्वीटग्रासच्या टोपल्या विणतात, त्या या घरांतल्या. गवताची जुडी वेटोळी फिरवत न्यायची आणि पामच्या पानाच्या पट्टीने टाका घालत जायचं. मध्येच पाइनच्या लांब सुयांनी तपकिरी रंगाची वर्तुळं. भात पाखडायची सुपं याच विणीची असत. किंमत ऐकून घासाघीस करू नका ही माझी हात जोडून विनंती. तळहाताएवढ्या टोपलीलाही तासन् तास लागतात आणि गवत मिळणंच आता कठीण झालंय, कारण ते जिथे उगवतं त्या किनाऱ्यावर घरं झाली.

उकडीचा_मोदक (शनिवार, रात्री)

वा, खाजणकाठ, काय लिहिलंयस! आता जेवणाचं मी बघते.

शाकाहारींनी एक लक्षात ठेवायचं. दक्षिणेत भाजी दिसली म्हणजे ती शाकाहारी असेलच असं नाही. कोलार्ड ग्रीन्समध्ये डुकराचं हाड शिजतं, हॉपिन जॉन म्हणजे चवळी-भात, त्यातही तेच, रेड राइसमध्ये बेकन. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या रव्याची खीरवजा उपमा-पेज, ती दूध-लोण्यात असेल तर चालते, पण काही ठिकाणी चिकनच्या पाण्यात शिजवतात. विचारून घ्या, लोक आनंदाने सांगतात. बिनधास्त मागवायचं ते पिमेंटो चीज आणि कॉर्नब्रेड. हिरव्या टोमॅटोचे तळलेले कापही छान, फक्त तेल कशाचं ते विचारा. भेंडी इथे हवी तेवढी, तीही आफ्रिकेतूनच आली.

बेन वेफर्स घरी घेऊन जा. तिळाची पातळ, खुसखुशीत, गोड बिस्किटं. तीळही गुलामांच्या जहाजांतूनच आले. आईबाबांना हमखास आवडतील.

आणि रस्त्याच्या कडेला 'बॉइल्ड पीनट्स' अशी पाटी दिसली की गाडी थांबवा. ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात तासन् तास उकडलेल्या. हे तर राज्याचं अधिकृत खाणं आहे. साताऱ्याच्या पाहुण्यांना यापुढे काही सांगायची गरज पडणार नाही.

मासे खाणाऱ्यांनी श्रिम्प अँड ग्रिट्स आणि शी-क्रॅब सूप चुकवू नये. सुपात शेरी ही वाइन घालतात, चालत नसेल तर आधी सांगा.

अर्धा दिवस मिळाला तर वॉडमलॉ आयलंडवरचा चहाचा मळा. अमेरिकेत चहा मोठ्या प्रमाणावर पिकवणाऱ्या मोजक्या जागांपैकी. वाटेत जॉन्स आयलंडवर एंजल ओक लागतो. शेकडो वर्षांचा वृक्ष, फांद्या जमिनीत घुसून पुन्हा वर आल्यात. बघायला पैसे लागत नाहीत.

बागेश्री (रविवार, सकाळी)

मला थोडं वेगळं विचारायचंय. नात्यातल्या एका मुलाचं लग्न एका मळ्यावर ठरतंय. मुलगा-मुलगी दोघं इथेच वाढलेले. फोटो फार सुंदर येतात म्हणून. मला ते पटत नाहीये, पण आशीर्वाद द्यायला बोलावलेल्या आत्याने असं बोलावं का, हेही कळत नाही.

जुनाडोह (रविवार, सकाळी)

बागेश्रीताई, बोलाच. २०१९ मध्ये लग्नाच्या काही मोठ्या वेबसाइट्सनीही मळ्यांवरच्या लग्नांची जाहिरात करायची नाही असं ठरवलं होतं, तेव्हा हे फक्त तुमच्या मनातलं नाही. मुलांवर चिडून बोलू नका. त्या दोघांना मॅक्लाउडची टूर करवा आणि मग त्यांनाच ठरवू द्या. मळ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. या वास्तू सांभाळायला पैसा लागतो आणि लग्नांतून तो मिळतो. तरीही बून हॉलसारख्या ठिकाणी ज्या ओकच्या वाटेवर वरात येणार तिच्या शेजारीच गुलामांच्या खोल्यांची रांग आहे. मी तिथे नाचू शकणार नाही.

तळ्यातमळ्यात (रविवार, दुपारी)

बागेश्रीताई, आमच्या वाड्याला मागचं दार होतं. कोण पुढून येणार, कोण मागून, हे ठरलेलं. लहानपणी कधी विचारही केला नाही. हा धागा वाचताना बाबांना फोन केला आणि ते विचारलं. अर्धा तास बोललो, एवढं आम्ही फोनवर कधी बोलत नाही. त्यांनीच सांगितलं, "मागच्या आवाराचं घर आधी बघू."

एकेन-रेटचं तिकीट काढतोय. मुलीसाठी कॅप्टनच्या टोपीवाल्याची गोष्ट राखून ठेवलीये. आता दोन व्यावहारिक प्रश्न: एप्रिलमध्ये गर्दी किती, आणि घोडागाडी घ्यावी का?

मृदगंध (रविवार, रात्री)

एप्रिल उत्तम. गर्दी असते, म्हणून हॉटेल लवकर बघा. जुलै-ऑगस्टचा दमट उकाडा ज्येष्ठांना झेपत नाही, आणि जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा हंगाम. मेअखेरीला स्पोलेटो महोत्सव सुरू होतो, १९७७ पासून चालत आलेला. संगीत-नाटकाची आवड असेल तर तेव्हाही या, पण दर चढलेले असतात.

घोडागाडी आईंच्या गुडघ्यांसाठी सोयीची आहे. फक्त कुठल्या भागातून जाणार ते आधी कळत नाही. सिटी मार्केटजवळ चिठ्ठी पडावी तसा क्रमांकाचा चेंडू निघतो आणि गाडीला भाग ठरवून मिळतो, सगळ्या गाड्या एकाच गल्लीत जाऊ नयेत म्हणून. गाइडला विचारा, हे घर कुणी बांधलं. मालकाचं नाव सांगितलं तर पुन्हा विचारा, बांधलं कुणी. चांगला गाइड खुलून बोलायला लागतो.

लोखंडी फाटकं जरूर दाखवा. फिलिप सिमन्स (१९१२ ते २००९) या कृष्णवर्णीय लोहाराने शहरभर पाचशेहून जास्त कामं केली. ईस्ट बे स्ट्रीटवर गॅड्सडेन हाऊसच्या फाटकावर त्यांनी घडवलेला सर्प आहे. जवळ जाऊन त्याचा डोळा बघा. स्वातंत्र्ययुद्धातल्या प्रसिद्ध पिवळ्या झेंड्यावरचा सर्प ख्रिस्तोफर गॅड्सडेनचा. तो धक्काही त्याचाच.

जुन्या घरांच्या भिंतींवर लोखंडी चकत्या दिसतील. ३१ ऑगस्ट १८८६ च्या भूकंपानंतर भिंती आवळून धरायला आरपार सळया घातल्या, त्यांची ती टोकं.

कॅल्हून स्ट्रीटवर मदर इमॅन्युएल चर्च आहे. १८२२ मध्ये गुलामांच्या उठावाची आखणी केल्याबद्दल फाशी गेलेला डेन्मार्क व्हेसी याच मंडळीतला. १७ जून २०१५ च्या संध्याकाळी बायबल वाचायला जमलेल्या नऊ जणांना इथे गोळ्या घालून मारलं. मारेकऱ्याला त्यांनी आपल्यात बसवून घेतलं होतं. आजही तिथे दर रविवारी प्रार्थना होते. बाहेरून नमस्कार करा, सेल्फी काढू नका.

खाजणकाठ (रविवार, रात्री)

भरतीचं मी सांगते. शहर सखल आहे, पाऊस नसतानाही मोठ्या भरतीला सिटी मार्केटच्या आसपास रस्त्यावर पाणी येतं. बंदराची पातळी सात फुटांवर जाणार असेल तर त्या वेळेत खालच्या गल्ल्यांत गाडी नेऊ नका, खारं पाणी गाडीला वाईट. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास जास्त जपा. हवामान खात्याच्या साइटवर तास-तासाचा अंदाज मिळतो.

वेळ उरला तर सलिव्हन्स आयलंडला जा. जहाजांवरून आलेल्या माणसांना शहरात नेण्याआधी इथे वेगळं ठेवत. आता फोर्ट मोल्ट्रीजवळ पाण्याकडे तोंड करून एक साधा बाक आहे, २००८ मध्ये बसवलेला. बाबांना तिथे बसायला आवडेल. गाडी अगदी जवळ लावता येते.

तळ्यातमळ्यात (सोमवार, सकाळी)

सगळ्यांचे आभार. पौर्णिमा बघूनच तारखा ठरवतोय. उकडलेल्या शेंगा कुठल्या रस्त्यावर हमखास मिळतात ते मोदकताई, माझ्या विपूत (विचारपुशीत) कळवा.